आत्याच्या पायाखाली क्लच

धामणगाव मागे पडलं तेव्हा कापसाच्या बैलगाड्या अजून रस्त्यावर यायच्या होत्या. महाराष्ट्र झाला त्यानंतरचा दुसरा की तिसरा हिवाळा. डोक्याला घट्ट रुमाल बांधून मी दादांची हिरवी, दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी चालवत होते. दादा म्हणजे माझे वडील. धामणगावात त्यांचा दवाखाना होता. ही विलायती गाडी त्यांनी नागपूरच्या एका साहेबाकडून जुनीच घेतली आणि तिच्याखाली आडवं होऊन काम करायला मला शिकवलं. ते गेले, गाडी माझ्याकडे राहिली. मी तिच्यातून शाळेत शिकवायला जाई आणि बायका दारात येऊन बघत.

या वेळी मात्र मी आत्याला आणायला निघाले होते. दादांची ही थोरली बहीण दारव्ह्यापुढच्या एका खेड्यात एकटी राही. मोतीबिंदूनं तिला दिसेनासं झालं होतं, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून आत जाई. यवतमाळला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तसा मी निरोप धाडला. तिचा उलट निरोप आला, ‘भाऊच्या गाडीनं नेशील तर येईन.’ मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच नवे रोगी घेणार होते.

बाभुळगावात चहाला थांबले. निघताना पहिला गिअर टाकला तर खर्रर्र आवाज आला. क्लचचं पेडल मऊ लागत होतं; ते दोन-तीनदा भराभर दाबलं, तेव्हा गिअर पडला.

“बाई, गाडी रुसली का?” चहावाल्यानं विचारलं.

“रुसायच्या बेतात आहे,” मी म्हटलं.

या गाडीचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबलं की तेल नळीतून गिअरबॉक्सजवळच्या एका लहान सिलिंडरमध्ये जातं आणि तिथल्या दट्ट्याला ढकलतं. पेडल मऊ लागतं याचा अर्थ तेल कुठंतरी गळतंय, नाहीतर आत हवा शिरलीय. बॉनेट उघडलं. क्लचच्या तेलाच्या डबीतली पातळी खाली गेलेली. पेडलकडची बाजू कोरडी होती. रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून गाडीखाली डोकावले, तर लहान सिलिंडरच्या तोंडाशी ओल. दट्ट्यावरची, तेल अडवून धरणारी रबरी वाटी झिजली असणार. जवळच्या डब्यातलं तेल भरलं आणि पुढे निघाले.

यवतमाळच्या गॅरेजात ट्रकचं सगळं मिळत होतं, माझ्या मापाचं रबर तेवढं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, “इंजिनाचं तेल टाकून देऊ का?” मी घाईनं नको म्हटलं. त्या तेलानं उरलेली रबरंही फुगून बसली असती. दादांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच.

पुढचा रस्ता सुंदर होता. सागाची पानं गळत होती, टेकड्यांमधून तूर पिवळी झाली होती. पण दारव्ह्याच्या आठवडी बाजारात शिरले आणि पेडल सरळ तळाला जाऊन बसलं. समोर मिरच्यांचे ढीग, बैल, माणसं. मी इंजिन बंद केलं, वाट मोकळी झाली तशी पहिल्या गिअरमध्येच स्टार्टर मारला. गाडी बेडकासारखी उडी मारून चालू लागली. “सरका, सरका, थांबता येत नाही!” असं ओरडत मी बाजारातून गेले आणि लोक हसत बाजूला झाले.

आत्या ओसरीवर तयार बसली होती. नवं लुगडं, शेजारी गाठोडं. मी पाया पडले. तिनं माझं तोंड चाचपलं, मग गाडीजवळ येऊन तिच्या दारावरून हात फिरवला.

“क्लच गेलाय आत्या. दुरुस्त व्हायला हवा.”

तिचा हात थांबला. “म्हंजे उद्या नाही जाणं होत?”

“एस. टी.नं जाऊ ना.”

“नाही वं. भाऊचं बोलावणं नाही दिसत.” आणि ती ओसरीवर बसून गाठोड्याची गाठ सोडू लागली.

मला भीती वाटली ती तेव्हा. आज परत फिरली तर ही पुन्हा कधीच निघणार नाही, हे मला कळत होतं. क्लचशिवाय तिला नेणं जमलं नसतं. एखाद्या चढावर बैलगाडी आडवी आली असती तर आम्ही मागे घरंगळलो असतो. मी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. “संध्याकाळपर्यंत सोडू नकोस,” म्हटलं आणि गाडीखाली शिरले.

सिलिंडर काढला. वाटीची कड फाटली होती. ती हातात घेऊन बसले असताना शेजारच्या तांड्यावरचा रामधन आला. आत्याच्या शेताला लागून त्याचं शेत, तिची शेती तोच बघे.

“याडी (आई), पाहुणी आली म्हने,” असं म्हणत तो बसला आणि माझ्या हातातली वाटी बघून म्हणाला, “असंच काही मायाकडे हाये. चामड्याचं. फवाऱ्याच्या पंपातलं.”

मी उठूनच उभी राहिले. पूर्वी अशा सिलिंडरांत चामड्याच्याच वाट्या असत, हे दादांकडून ऐकलं होतं. “पंप बंद पडेल तुमचा.”

“फवारणी झाली औंदाची. आनून देऊ का?”

त्यानं आणलेली वाटी अंमळ मोठी होती. मी ब्लेडनं कड कातरत गेले, तो सिलिंडर धरून पुनःपुन्हा घालून बघत गेला. एकदा जास्त कातरणार होते, त्यानं माझं मनगटच पकडलं. शेवटी ती घट्ट बसली. आता तेल. डब्यातलं संपलेलं. आत्याच्या घरी घाण्यावरचं एरंडेल होतं आणि माझ्या पेटीत दवाखान्यातलं स्पिरिट. जुन्या काळी क्लचचं तेल या दोहोंचंच करत.

“गाडीले एरंडेल पाजून राह्यली?” आत्या पहिल्यांदा हसली. “पोट साफ होईन तिचं!”

वाटी रात्रभर एरंडेलात मुरत ठेवली. जेवणात सोले (तुरीचे ओले दाणे) घातलेली भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी होती. मी नको नको म्हणेपर्यंत जेवले.

सकाळी सिलिंडर बसवला. आता नळीतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक पेडलवर. रामधनला शेतावर जावं लागलं होतं.

“आत्या, तू बस आत.”

“मी? मले दिसत नाही पोरी!”

“पायाला दिसायची गरज नाही.”

तिनं लुगडं सावरलं आणि दादांच्या जागेवर बसली. मी तिचा पाय पेडलवर ठेवला आणि खाली गेले. “दाब,” म्हटलं की ती दाबे, मी सिलिंडरवरचा स्क्रू सैल करी, फसफसत तेल खालच्या भांड्यात येई, मी स्क्रू आवळून “सोड” म्हणे. दाब, सोड. बराच वेळ नुसते बुडबुडे. मी थकत चालले होते.

“थांब,” वरून आत्या म्हणाली. “आता कडक लागून राह्यलं. पहिले पोकळ होतं.”

खाली तेलाची अखंड धार येत होती.

इंजिन चालू केलं, गिअर अलगद पडला. आत्या उठली. आत गेली आणि गाठोडं घेऊन शेजारच्या आसनावर येऊन बसली. “चाल,” म्हणाली, “दुपार होईन.”

मधे दोनदा थांबून गळती तपासली. थेंबभर ओल होती, तेवढीच. शिबिराच्या दारात पोचलो तेव्हा कारकून अजून नावं घेत होता. आत्याला एकटं आत पाठवताना तिनं माझा हात सोडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी मलाही आत येऊ दिलं.

पट्टी निघायच्या दिवशी मी पुन्हा गेले. जाड भिंगांचा तात्पुरता चष्मा लावून आत्या खाटेवर बसली होती. मान इकडेतिकडे करत तिनं मला शोधलं आणि बघतच राहिली.

“अवं,” ती म्हणाली, “तुये केस पिकले! मले कोणी सांगतलंच नाही.”

मी हसायला लागले, मग तीही. तिला खेड्यावर पोचवेपर्यंत ती रस्ताभर काही ना काही दाखवत होती आणि मी गाडी हळू चालवत होते.

धामणगावला एकटी परतले. नागपूरहून नवं रबर आलं, ते बसवलं. प्रवासाला निघताना माझ्या मनात होतं की दादांची म्हणून एवढी गाडीच काय ती उरलीय. परतताना तसं वाटत नव्हतं. दारव्ह्याकडे जायला आता मला निमित्त लागत नाही. सुट्टी लागली की मी निघते.