बोर्डावरची अकरा खरी नावं

वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर आमची यादी लागलेली मी पाहिली, तेव्हा टँकरच्या रांगेत दोनेकशे घागरी होत्या आणि लोक वेळ जायला म्हणून बोर्ड वाचत होते. एरवी त्या बोर्डाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. चार-चार तास उभं राहायचं, तर माणूस करणार काय?

यादी माझ्याच अक्षरात होती. चाळीस नावं, पत्ते, सह्या. वर क्लार्कनं स्केचपेननं संस्थेचं पूर्ण नाव लिहिलं होतं. त्यात 'समलिंगी पुरुष' हे दोन शब्द लांबूनही वाचता येत होते.

मी संस्थेत काउन्सेलर होतो. म्हणजे समोरच्याचं ऐकून घ्यायचं, तपासणीला न्यायचं, एचआयव्हीच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत. आमचं ड्रॉप-इन सेंटर म्हणजे दोन खोल्या, एक न्हाणी आणि कॅरम. आमच्यातल्या पुरुषांना घटकाभर निवांत बसायची जागा. मीही त्यांच्यातलाच. दारावर पाटी मात्र 'युवक आरोग्य केंद्र' अशी. कायदा तेव्हा आमच्या बाजूचा नव्हता, आणि घरं तर अजूनही नाहीत.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी नांदेडला शिकायला गेलो. तिथं आम्ही सहा-सात जण एका बागेत भेटायचो. नाव विचारायचं नाही, हा रिवाज. गावावरून हाक मारायची. मी धर्माबाद. एक देगलूर होता. त्याच्यासोबत चार वर्षं काढली आणि त्याचं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेवर कळलं.

पुढे संस्था झाली, प्रोजेक्ट आला, पाठोपाठ ऑडिट आलं. ऑडिटला लाइन लिस्ट लागते, म्हणजे सेंटरवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद. खोटी नावं फार दिसली की शेरा येतो. मग मी लोकांच्या मागे लागलो. विश्वास ठेवा, रजिस्टर कपाटाबाहेर जात नाही, असं सांगत राहिलो. चाळीसांपैकी अकरा जणांनी खरं नाव दिलं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. अकरावे रेणापूरचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरी बायको आणि एक मुलगी, गोळ्या सुरू. सात महिने ते आमच्याकडे 'दिलीप' होते. मग एक दिवस त्यांनी आपणहून आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

त्या उन्हाळ्यात न्हाणी कोरडी पडली, प्यायलाही पाणी नाही. मी टँकरसाठी अर्ज केला. क्लार्कनं लाभार्थ्यांची सह्यांसकट यादी आणि संस्थेच्या रजिस्ट्रेशनची झेरॉक्स मागितली. मी लाइन लिस्टवरून नावं उतरवली. सही करताना गुरुजींनी विचारलं, "हे कुठं जानार सर?"

"फाइलीत," मी म्हणालो.

झेरॉक्सवर संस्थेचं पूर्ण नाव आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळी हयात पाटी बदलून जगलेल्या माणसानं ही चूक करावी.

"ही यादी काढा," बोर्डासमोरून तसाच आत जाऊन मी क्लार्कला म्हणालो.

"कामून? नियम हाय सर. न्हाई लावली तर लोक म्हनतेत, टँकर कुनाच्या घरी गेला."

"कधी लावली?"

"परवा." मग त्यानं स्वतःच लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं आणि त्याचा आवाज खाली आला. "झेरॉक्सवर जसं हाय तसंच उतरवलं सर मी."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं टाचण्या काढून यादी माझ्या हातात दिली. पण दोन दिवस झाले होते, आणि गुरुजींचा मेहुणा त्याच वॉर्डात राहायचा. तोही रांगेत उभा राहत होता.

आठवड्यानं गुरुजी आले. सकाळीच टँकर येऊन गेला होता. टाकी काठोकाठ भरलेली आणि सेंटरवर मी एकटा. मी पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"बायकोला तिचे भाऊ घेऊन गेले. पोरीला बी," ते म्हणाले. "शाळेत कुनी काही बोललं न्हाई. पन डबा खायला बोलवत न्हाईत."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे.

"यादीत खोटी नावं किती होती सर?"

"एकोणतीस."

"तरी टँकर आला न्हवं?"

"आला."

"मग मी बी दिलीप राहिलो असतो तर चाललं असतं."

त्या महिन्याच्या गोळ्या घेऊन ते गेले.

पुढच्या महिन्यात ते गोळ्या न्यायला आले नाहीत. फोन बंद. मी रेणापूरला शाळेत गेलो. बदली मागून गेले, असं कळलं. कुठं, ते विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही कोण, असं कोणी विचारलं असतं तर मला माझं नाव सांगावं लागलं असतं. फाइलीवर आम्ही 'संपर्क तुटला' असा शिक्का मारतो. तो मी मारला.

एवढंच शिकलो की जो कागद नुसता दुसऱ्या कागदाला जोडायला लागतो, त्यावर कोणाचं खरं नाव लिहू नये. सेंटरच्या रजिस्टरात आता गावांची नावं आहेत. दरवर्षी ऑडिटर शेरा लिहितो आणि मी खाली सही करतो. रेणापूरहून आणखी दोघं येतात. त्यांना मी दुसरं गाव निवडायला सांगितलं; रेणापूर गुरुजींचं.