तीन स्वर आणि दोन स्वर

नांदेडला मी पियानो शिकवायचो, पण माझा कान घडला तो भजनाच्या पेटीवर. तबलजी कितीही आडवातिडवा गेला तरी समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं आणि ती सम जोर देऊन दाखवायची, ही आमची रीत. पियानो मी हैदराबादेत, बऱ्याच उशिरा शिकलो. युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या, रोमँटिक म्हणतात त्या रचनांमध्ये पुष्कळदा उजवा हात तीन स्वर वाजवतो तेवढ्याच वेळात डावा दोन वाजवतो. पहिला स्वर दोन्ही हातांचा एकदम पडतो, बाकीचे एकमेकांच्या मधून निघतात. त्या पहिल्या स्वराला मी सम समजलो आणि सगळ्यांना तिथे जोर द्यायला लावला.

मुदखेडहून एक मुलगी शिकायला यायची. आई सरकारी दवाखान्यात नर्स. मुलीचे हात आपसूक वाहायचे, तीन आणि दोन स्वरांचा सांधा कुठे आहे ते कळायचंच नाही. मी थांबवायचो.

"सर, तिथं जोर दिला की धक्का बसतो."

"सम दिसली पाहिजे."

"कुणाला सर? इथं टाळ धरून कोण बसलंय?"

मी रागावलो. परीक्षेत तिने माझ्या पद्धतीने वाजवलं आणि नापास झाली. परीक्षकाचा शेरा होता की जागोजागी आदळल्यासारखं वाजतं, प्रवाह राहत नाही. चूक कुणाची ते मला त्याच क्षणी कळलं. आईने विचारलं तेव्हा मात्र मी म्हणालो, "मेहनत कमी पडली." मुलगी शेजारीच उभी होती. त्यानंतर शिकवणी बंद झाली.

पुढे त्या दोघी लातूरला गेल्या. यंदा आईचा फोन आला, घरातला डिजिटल पियानो विकायचाय, गिऱ्हाईक बघा. पियानो पाहायला म्हणून मी गेलो. मुलगी आता एका लॅबमध्ये नोकरी करते. आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी तिला म्हणालो, "तू बरोबर वाजवत होतीस. चूक माझी होती."

"मला ठाऊक हाय, सर," ती म्हणाली. "आईला सांगा."

आई चहा घेऊन आली. मी सगळं सांगितलं, समेचं, शेऱ्याचं आणि माझ्या खोट्याचंही. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि मुलीकडे पाहत राहिली.

"तुमच्या एका शब्दावर मी हिला लई बोलले, सर. आळशी म्हणले. शेजारणीसमोर म्हणले."

"जाऊ दे ना आई."

"न्हाई, कसं जाऊ देऊ?"

पियानो ठेवून घे, असं मी मुलीला सुचवलं. ती नको म्हणाली. खोली लहान आहे आणि आता बोटं बसत नाहीत. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पुढच्या आठवड्यात नायगावच्या एका शाळेने पियानो नेला. गिऱ्हाईक मीच शोधलं होतं.