महादूभाऊंचा उकिरडा

खामगावात कुणी दुसऱ्याच्या घोड्याचा हेवा करी, कुणी दागिन्यांचा. मी महादूभाऊंच्या उकिरड्याचा करत असे.

महादूभाऊ आमचे शेजारी. त्यांच्या मळ्यातली वांगी बाजारात हातोहात खपत. सगळी आळी आपला केर, सालं, शेण त्यांच्याच खड्ड्यात नेऊन टाकी. आमची बायकोसुद्धा! म्युनिसिपल कमेटीची कचऱ्याची बैलगाडी आमच्या दारावरून रिकामी जाई.

एक दिवस बायको म्हणाली, "पाहून तर या त्याइचं खत. चहाच्या पुडीवानी काळंभोर झालं."

लग्नाला सात वर्षं झाली होती. माझ्या कशाचंही तिनं इतकं कौतुक केलं नव्हतं. (मी कापसाच्या जिनात कारकून. अक्षर मोत्यासारखं. असो.)

दुसऱ्याच दिवशी मी परसात खड्डा खणला आणि बजावलं, "आता एक साल बाहेर जायचं नाही."

"काऊन? महादूभाऊनं काय केलं?"

"काही नाही. आपलं आपल्याले पाहिजे."

पण दोन माणसांचा केर तो किती? आठ दिवसांत तळही झाकला नाही. मी भूक नसताना केळी खाऊ लागलो. जिनातला झाडून काढलेला कापूस पोत्यानं आणला. मेहुण्याच्या लग्नात तर पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी गोळा करायला बसलो. सासरे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, घरी समदं बरं हाय ना?"

बायको चार दिवस बोलली नाही.

मग मला कुणीतरी सांगितलं, की खताला राख चांगली. सकाळी मी चुलीतली राख त्या कापसावर उपडी केली (विझली का, ते पाहायचं राहिलं) आणि आंघोळीला बसलो.

"अवो, धूर निंगून राह्यला!" बायको ओरडली.

खड्ड्याला लागून महादूभाऊंची कडब्याची गंजी. मी पंच्यावरच धावलो, अंगावर घ्यायचं पाणी आगीवर ओतलं. ती भडकतच होती. आळी गोळा झाली. महादूभाऊ कुंपण ओलांडून आले, त्यांनी आपल्याच उकिरड्यातलं ओलं खत टोपल्या टोपल्या भरून आणलं आणि माझ्या खड्ड्यात दडपलं. आग विझली. गंजी वाचली. माझा खड्डा पहिल्यांदाच काठोकाठ भरला, तोही त्यांच्या खतानं.

"त्याइचं त्याइले देऊन या," बायको म्हणाली.

दिलं. डोक्यावर टोपली, कमरेला पंचा, दोन्ही बाजूंना आळी. दहा खेपा झाल्या.

"बाबू, तिकडच्या कोपऱ्यात टाका," महादूभाऊ म्हणाले, "तिथं जरा कमी हाय."

मी टाकलं. पायानं दाबून सपाटही करून दिलं.

त्यांनी वाकून पाहिलं. "हात चांगला हाय तुमचा."

आणि खोटं कशाला सांगू, मी फुललो.