मास्तरांनी थोरली छाटली

आमच्या मास्तरांइतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, आणि इतका हट्टीही. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांची बाजू घेते असं कुणी समजू नये. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हटलेलं आहे, एकदा सोडून दहादा. पण या वर्षी जे झालं त्यात मूर्खपणा किती आणि नशीब किती, ते मला अजून ठरवता येत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. पुढे दुकान, मागे घर, घरामागे अंगण. दुकानात एक मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीला आरसा आणि दोरीवर उलट्या टांगलेल्या पँटी. हात असा की एकदा माप दिलं की गिऱ्हाईक जाड होईपर्यंत त्याला पुन्हा यावं लागत नाही. आणि अशा माणसाला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही! जन्मापासूनच. सुतार असते तर चाललं असतं, गवंडी असते तर चाललं असतं, पण नाही, व्हायचं होतं शिंपीच. लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट त्यांनी आमच्या आईवडिलांना सांगितली नाही, धाकटीला सांगितली. ती म्हणाली, "मग मी मशीनशेजारी बसेन." आणि बसली. तेव्हापासून ती त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून रिळं काढून देत आली. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय प्रेम आहे बघा, बायको जागची हलत नाही. प्रेम होतंच, पण ती हलली असती तर तपकिरी पँटीला हिरवी शिवण पडली असती.

मुलंबाळं झाली नाहीत. जे काही कौतुक करायचं ते दोघांनी मागच्या अंगणातल्या रासबेरीचं केलं. तीन जाती होत्या. नर्सरीवाल्यानं सांगितलेली नावं दोघांनाही पाठ होईनात, म्हणून यांनी आपली नावं ठेवली, थोरली, कजाग आणि पाहुणी. थोरली सगळ्यांत आधी लावलेली. ती उन्हाळा सुरू झाला की येते. फळ लांबट, काळपट, इतकं मऊ की तोडतानाच बोटांत फुटतं. बाजारात ती दिसायची नाही, कारण टोपलीत घातली की तळाशी नुसता रस. कजाग येते पानगळीच्या तोंडावर. फळ गोल, फिकट लाल, टणक, बिया दातात अडकणाऱ्या. पहिल्यांदा चांगली आंबट लागते आणि गोडी मागून येते. पाहुणी पिवळी होती, नुसती साखर, आणि भलती लाडावलेली. थंडी जरा जास्त पडली की रुसायची. एका हिवाळ्यात ती वाळूनच गेली.

दर वर्षी दोघांचा एक खेळ चालायचा. धाकटी डोळे मिटून बसायची, मास्तर तिच्या जिभेवर एकेक फळ ठेवायचे आणि ती ओळखायची. नुसती जातच नव्हे, भिंतीकडच्या झुडपाचं की नळाकडच्या, तेही. मी गेले की मला पंच करायचे. मी नेहमी कजागच्या बाजूची. थोरली मला मिळमिळीत वाटते, तोंडात टाकली की संपली. "तुम्हाला कजागच आवडणार, ताई," असं मास्तर म्हणायचे आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायची. ते नाव कुणावरून ठेवलंय हे मला कळत नव्हतं असं काही नाही.

आता छाटणीचं सांगते, कारण सगळं तिथंच फसलं. कजागच्या काठ्या हिवाळा संपताना जमिनीलगत कापून टाकायच्या, सगळ्या. मग नवी फूट येते आणि तिला त्याच वर्षी फळ धरतं. थोरलीचं उलटं. तिला आदल्या वर्षीच्या काठीवर फळ येतं. ती काठी कापली की त्या वर्षी नावालाही फळ नाही. सांगायला सोपं आहे, पण रासबेरी लावली तिथं थोडीच राहते! जमिनीखालून चालत जाते आणि हवं तिथं डोकं वर काढते. थोरली आणि कजाग एकमेकींत अशा घुसल्या होत्या की पानं झडल्यावर कोण कोणती हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. म्हणून धाकटी पानं असतानाच दुकानातला दोरा नेऊन काठीकाठीला बांधून ठेवायची. लाल म्हणजे कापायची, हिरवा म्हणजे राखायची. छाटणीच्या दिवशी ती बोट दाखवायची आणि मास्तर कापायचे. दोरे ती स्वतःसाठी बांधायची. मास्तरांवर ते ओळखायची पाळी येईल, असं तिच्या मनातही आलं नसेल.

मागच्या पानगळीत तिनं दोरे बांधले आणि पाठोपाठ पोटातल्या गाठीचं निघालं. मग दवाखाना, सलाईनमधून औषधं, उलट्या. केस गेले. ते गेले तर गेले, पण तोंडाची चव गेली. दूध घ्या, अंडं घ्या, सूप घ्या, ती म्हणायची, "गंजका खिळा चोखल्यासारखं लागतं गं ताई." मनगट असं झालं की माझ्या दोन बोटांत मावेल. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वजन चढल्याशिवाय पुढची औषधं देता येणार नाहीत, झेपणार नाहीत. आणि औषधं फार दिवस थांबवून चालणार नाही. काय करायचं ते करा, पण यांना खाऊ घाला." हे कळलं आणि मी पिशवी भरून त्यांच्याकडे राहायला आले.

मी आले तेव्हा एकच गोष्ट तिच्या पोटात टिकत होती. फ्रीजरमध्ये आदल्या उन्हाळ्यातल्या थोरलीचा डबा होता. त्यातली दोन-चार फळं दुधात कुस्करली की ती वाटीभर दूध संपवायची. "हिची येते चव. लांबून येते, पण येते," म्हणायची. मग डबा संपला. मास्तरांनी बाजारातून रासबेरी आणली, तिनं एक चावली आणि रुमालात थुंकली. मास्तर म्हणाले, "असू दे, असू दे. उन्हाळा आलाच. एकदा थोरली आली ना, की बघ." त्यानंतर घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. थोरली आली की दूध घेईल, थोरली आली की वजन चढेल, थोरली आली की औषधं सुरू होतील. मीसुद्धा, जिला थोरली मिळमिळीत वाटते ती मीसुद्धा, तिची वाट बघायला लागले.

एका सकाळी मी चादरी वाळत घालायला मागे गेले. झुडपांना कोवळी पानं आली होती. सहज लक्ष गेलं, तर उभ्या असलेल्या सगळ्या काठ्यांना लाल दोरे.

मास्तर गळ्यात टेप अडकवून दारातच उभे होते. मी म्हटलं, "मास्तर, यंदा पद्धत बदललीत की काय? लाल दोऱ्याच्या राखल्यात?"

"लाल कुठं, ताई? हिरव्याच आहेत त्या."

"मास्तर, मला दिसतं."

ते पायऱ्या उतरून आले. एक दोरा बोटांत धरला आणि कापड बघतात तसा चोळून बघितला. मी कुंपणाजवळच्या कापलेल्या काठ्यांच्या ढिगाकडे गेले. त्यांना गडद हिरवा दोरा होता, बाटलीच्या रंगाचा. एकूण एक काठीला.

"गडद तो लाल, असं वाटलं मला," मास्तर म्हणाले. "ती दवाखान्यातून सलाईन घेऊन आली होती. उलट्या करून करून नुकताच डोळा लागला होता. उठवायचं कसं? म्हटलं, एवढं तरी आपलं आपण करू."

"शेजारी कुणाला विचारायचंत!"

"काय विचारू? शिंपी आहे आणि दोऱ्याचा रंग सांगा म्हणून?"

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते इथं सांगत नाही.  मास्तर तिथं मातीतच खाली बसले आणि म्हणाले, "ताई, मी तिला मारलं." मी वळून राहिलेल्या चादरी वाळत घातल्या.

त्यानंतर त्या माणसानं काय करायचं बाकी ठेवलं? ढिगातल्या काठ्या उचलून बादल्यांत पाणी भरून उभ्या केल्या. वाळून खडखडीत झालेल्या काठ्या! दुकानात आरशासमोर त्या बादल्या, आणि गिऱ्हाईक विचारतंय, "मास्तर, हे काय?" बागा असलेल्या घरांची दारं वाजवत हिंडले. "लांबट, काळपट, हातात फुटणारी रासबेरी आहे का हो तुमच्याकडे?" लोकांनी बिचाऱ्यांनी आपल्या फ्रीजरमधले डबे काढून दिले, एकीनं मुरंबा दिला. धाकटी प्रत्येकातलं एक तोंडात घालायची आणि मान हलवायची. काळ्या पँटीला त्यांनी मरून रंगाच्या दोऱ्यानं काठ घातला, गिऱ्हाईक परत घेऊन आलं, तर मास्तर "माफ करा" म्हणून मुकाट्यानं उसवत बसले. डावीकडचं स्टूल रिकामं होतं. मी बसते म्हटलं, तर नको म्हणाले.

धाकटीला आम्ही काही सांगितलं नाही. तिच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे, आणि अंगणापर्यंत चालायची ताकद तिच्यात नव्हती. रोज विचारायची, "थोरलीला कळ्या आल्या का?" मास्तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "येतायत." खरं तर थोरलीच्या बुंध्यांतून नवी फूट जोरात वर येत होती, पण ती धरणार पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षीचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं. पाण्याची बाटली हातात द्यावी तर हात खाली जायचा, इतकी ती रोडावली होती.

उन्हाळा लागला आणि एरवी उन्हाळ्यात न दिसणाऱ्या, यंदा न कापलेल्या कजागला जुन्या काठ्यांवर थोडी फळं दिसली. बारकी, सुरकुतलेली. दवाखान्यात वजनाला जायचा दिवस जवळ आला होता. मी म्हटलं, "मास्तर, ही कुस्करा दुधात आणि थोरली म्हणून द्या. जिभेला चव नाही तर कळणार कसं?" त्यांना ते पटलं नाही, पण दुसरं होतं काय हातात? वाटी घेऊन दोघंही तिच्याकडे गेलो. मास्तरांनी सांगितलं, "घे. थोरली आली."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिनं चमचा तोंडात घेतला. चावला. थांबली. जिभेनं दातातून काहीतरी काढलं आणि बोटावर घेऊन बघितलं.

"ही बी कजागची आहे," ती म्हणाली.

मी तिची चादर सारखी करायला लागले.

"कजाग आत्ता, उन्हाळ्यात?" तिनं वाटीत बघितलं, मग मास्तरांकडे. "कजाग उभी राहिली म्हणजे... अहो, तुम्ही कापलंत काय?"

"थोरली."

"सगळी?"

"सगळी," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गळ्यातल्या टेपवर पडायला लागलं. "तू झोपली होतीस."

मला वाटलं, संपलं. आता ही भिंतीकडे तोंड करून पडेल ती उठायची नाही. हिवाळ्यापासून तिचा आवाज कुजबुजण्याच्या वर गेला नव्हता.

"मग उठवायचं!" ती ओरडली. "मेले होते का मी? एवढी वर्षं तुमच्या शेजारी बूड घासत बसले ती कशाला? एक हाक मारता आली नाही? हिरवा दोरा आणि लाल दोरा! माझी थोरली!" रस्त्यावरून चाललेला माणूस खिडकीतून आत बघून गेला. तिला धाप लागली, मी पाठ चोळायला गेले तर तिनं माझा हात झटकला. "आणि तू गं? तूही सामील!"

मास्तर हात जोडून उभे होते. 

"मुळं आहेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत. नवी फूट आलीय. गुडघ्यापर्यंत."

"म्हणजे ती धरणार पुढच्या वर्षी."

मी मास्तरांकडे बघितलं, मास्तर जमिनीकडे बघत होते.

"छान!" ती करवादली. "म्हणजे तुमच्यापायी आता मला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं. आणा ती वाटी इकडे."

तिला कसलीच चव येत नव्हती. डोळे घट्ट मिटून ती एकेक चमचा गिळत होती. एकदा सगळं वर आलं, तिनं रुमाल तोंडावर दाबून धरला, थांबली, आणि पुढचा चमचा भरला. वाटी मास्तरांनी धरली होती, मी खालून आधार दिला होता. वाटी संपली.

"अजून आहे?" तिनं विचारलं.

पिकलेली सगळी आम्ही काढून आणली होती. "आहे की," मास्तर म्हणाले आणि अनवाणीच अंगणाकडे धावले.

"हिरवी आणलीत तरी चालेल," तिनं मागून ओरडून सांगितलं, "मला कुठं कळतंय!"