म्हाताऱ्याच्या सुनेबद्दल

माझी मुलगी दहावीला होती आणि पूर्वपरीक्षेत नापास झाली. गणितात नाही, इंग्रजीत नाही, मराठीत. तिचे वडील द्राक्षांच्या क्रेटची पिकअप चालवतात, सीझनमध्ये घरी जेवण्यापुरतेच येतात. त्यांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "मराठीत नापास? मग घरात आपण काय जपानी बोलतो का?"

आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत.

"बोर्डात असंच झालं तर पुढची शाळा बंद. आत्यासोबत पॅकहाऊसला द्राक्षं भरायला जायचं."

ते बोललेलं करतात, हे आम्हाला माहीत होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव पेठ तालुक्याकडचं. दिवाळी झाली की आई-वडील आम्हाला घेऊन इकडे द्राक्षबागांच्या कामाला येत. त्यातच माझी पाचवी राहून गेली. मी तिला शिकवणार काय? संध्याकाळी भाकरी झाल्या की गाईड मांडीवर घ्यायचं, ओळीखाली बोट धरायचं आणि ती पाठ म्हणते ते बरोबर आहे का बघायचं, एवढंच मला जमत होतं. ती भरभर म्हणायची, मी मागे राहायची.

"आई, तुझं बोट म्हणजे बैलगाडी," ती चिडवायची.

तिला सगळं पाठ होतं. मार्क जात होते ते निबंधात आणि 'स्वमत' म्हणून जे प्रश्न असतात त्यांत. तिथे गाईडमधलं उत्तर उतरवलं की बाई लाल शाईनं लिहायच्या, 'यात तुझे मत कुठे आहे?'

एका धड्यात एक म्हातारा होता. गाव धरणात जाणार म्हणून सगळे निघून गेलेले, हा मात्र घर सोडत नाही. त्याचं वागणं तुम्हाला योग्य वाटतं का, असा प्रश्न होता.

"योग्य असंच लिहायचं असतं," मुलगी म्हणाली. "मातीची ओढ, पूर्वजांच्या आठवणी, तसलं. पण माझं मत काय लिहू? मला काही वाटतच नाही. तुला काय वाटतं?"

मी गाईडकडे बघत बसले. भाजी कोणती करायची तेसुद्धा मी विचारून करते. माहेरी, सासरी, बागेत मुकादमापुढे, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं.

"बाईंना विचार."

"बाईंचं मत बाईंचं. सांग ना गं!"

त्या धड्यात एक ओळ होती. रिकाम्या गावात एकाच घरातून धूर निघत होता, सून कडेवर मूल घेऊन चूल फुंकत होती. पुढे ती सून धड्यात कुठेच नाही. मी शोधली होती.

मी हळूच म्हणाले, "त्यानं उठायला पाहिजे होतं. त्याच्यापायी ती सून मागं राहिली, लेकराला घेऊन. तिला कुठं कोणी विचारलं?"

ती हसत सुटली. "अगं, असं लिहिलं तर भोपळा मिळेल! म्हाताऱ्याला नावं नसतात ठेवायची, तो हिरो आहे."

"मला काय कळतंय. गाईडमधलंच लिही," मी म्हणाले.

बोर्डाला तोच धडा आला. मी केंद्राबाहेर उन्हात उभी होते. ती नाचतच बाहेर आली.

"आला ना म्हातारा!"

"लिहिलंस ना नीट?"

"दोन ओळी लिहिल्या आणि पुढचं आठवेचना. मग तुझंच लिहिलं. सून, लेकरू, सगळं. पानभर!"

असं लिहिलं तर भोपळा, हे तीच म्हणाली होती. ती खुशीत होती, उसाचा रस पाज म्हणत होती. मी पाजला. तिला काय बोलणार?

आता ते पान कुठल्या गठ्ठ्यात, कुणाच्या घरी आहे, कोण जाणे. पोळ्या लाटताना मी तपासणाऱ्यांशी मनातल्या मनात बोलते. पोरीला सगळं येत होतं हो, ते मत माझं होतं. एवढं सांगायलाही जागा नाही. यांनी विचारलं, पेपर कसा गेला, तर ती म्हणाली, मस्त. मी मान खाली घालून पीठ मळत राहिले.

निकाल अजून लागायचा आहे. काल आत्या आल्या होत्या. जाताना मुलीसाठी पॅकहाऊसमध्ये केसांवर घालतात ती जाळीची टोपी ठेवून गेल्या. "असू दे घरात," म्हणाल्या. मी हो म्हणाले आणि ती घडी घालून फळीवर ठेवली.