चौथ्या गिअरमध्ये चढलेला घाट

मागच्या वर्षी स्नोई माउंटन्समधला टॅल्बिंगोचा चढ अर्धवट सोडून मी परत फिरले होते. ते मी या ब्लॉगवर लिहिलं नव्हतं. त्या वेळच्या पोस्टमध्ये मी "हवामानामुळे बेत बदलला" असं लिहिलं होतं. हवामान उत्तम होतं. मागे जोडलेली कॅरॅव्हॅन, पुढे सरळ अंगावर येणारा रस्ता, इंजिन किंचाळतंय, वेगाचा काटा पस्तिसावर, आरशात सात गाड्यांची रांग. कुणीतरी हॉर्न मारला आणि माझं अवसान गळालं. रुंद जागा दिसताच गाडी वळवली आणि खाली आले.

या वर्षी वाईहून अण्णा येणार होते. माझे वडील. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली बरीचशी पसरणीच्या घाटात. आई गेल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. माझ्या भावाला त्यांनी सोळाव्या वर्षी जीप शिकवली. मी मागे लागले तेव्हा म्हणाले, "तुला कुठं घाट चालवायचाय?" मी सत्ताविसाव्या वर्षी मेलबर्नमध्ये शिकले, सगळ्या सपाट रस्त्यांवर. आता चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि अण्णांना शेजारी बसवून एक घाट चालवून दाखवायचा, एवढंच मला हवं होतं. म्हणून आमच्या युटला, म्हणजे कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या पिकअपला, इंजिनची ताकद वाढवणारा सुपरचार्जर बसवला.

ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं, डिझेल युट घे, सोपं पडेल. त्यांचं चूक नव्हतं. पण आमची पेट्रोलची सहा सिलिंडरची युट मला आवडते. आवड आणि गरज यांतलं कुठलं किती, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. उत्तर दर वेळी वेगळं आलं. बेत करणाऱ्यांसाठी व्यवहाराचं सांगते: कामाला जवळपास एका बऱ्या सेकंडहँड गाडीएवढा खर्च येतो, नंतर इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, विमा कंपनीला कळवावं लागतं आणि टाकीत कायम महागातलं अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल. आणि हे नीट वाचा: ताकद वाढली तरी मागे ओढायला परवानगी असलेलं वजन एका किलोनेही वाढत नाही. आमची कॅरॅव्हॅन भरून सव्वादोन टन होते. निघण्याआधी वजनकाट्यावर नेऊन खात्री केली होती.

काम मेलबर्नजवळ डँडेनॉन्गच्या एका शेडमध्ये झालं. गाडी आणायला अण्णांना घेऊन गेले. ग्लेन नावाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून दाखवलं: इंजिनच्या वर बसवलेला चकचकीत ठोकळा, इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा, आत जास्तीची हवा कोंबणारा. त्याने गाडी चालू करून रेस दिली. अण्णांनी कान टवकारले.

"कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना, तसा आवाज हाय," ते म्हणाले.

ग्लेनने पंजा तिरका करून वर नेला. "मेट, आता ही काहीही चढेल." मग तोच पंजा हळूहळू खाली आणला. "पण उतरताना याचा काही उपयोग नाही. खालचा गिअर लवकर टाक. चढताना लागेल त्याहून खालचा."

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"कुठलाही घाट चढेल म्हणतोय," मी म्हणाले.

पुढचं वाक्य मी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. पण विसरले असंही नाही. मला त्या क्षणी फक्त पहिलंच वाक्य हवं होतं.

पहिला दिवस: टार्निट ते ऑल्बरी

माझा नवरा निखिल हॉस्पिटलच्या शिफ्टला अडकला होता, म्हणून आम्ही तिघं: मी, अण्णा आणि मागच्या सीटवर सोळा वर्षांची इरा. सकाळी सातला टार्निटच्या घरून निघालो. रिंग रोड संपला की ह्यूम हायवे लागतो आणि मग तीनशे किलोमीटर काही करावं लागत नाही. कॅरॅव्हॅनसह मी नव्वदच्या वर जात नाही. पेट्रोल शंभर किलोमीटरला बावीस लिटर गेलं. छातीवर हात ठेवून भरायचं.

अण्णा तास-दीड तास गप्प होते. मग म्हणाले, "एवढा रस्ता आणि एक म्हातारी कोथिंबीर घेऊन बसलेली न्हाय."

"आजोबा, इट्स अ फ्रीवे," इरा म्हणाली.

"असू दे की. कोथिंबीर फ्री नको, विकतच घेऊ."

ऑल्बरीच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विजेची जोडणी असलेली जागा साठ डॉलरच्या आत मिळाली. सुट्ट्यांमध्ये आधी बुक करा. रात्री भाजणीची थालीपिठं लावली. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा वास घेत आले, एक खाऊन गेले आणि जाताना आमच्या बॉनेटकडे बघून "नाइस" म्हणाले. थालीपिठाला त्यांनी फक्त "इंटरेस्टिंग" म्हटलं होतं.

दुसरा आणि तिसरा दिवस: टूमट, टॅल्बिंगो, कियान्ड्रा

गंडगायच्या अलीकडे ह्यूम सोडला की स्नोई माउंटन्स हायवे सुरू होतो. टूमटमध्ये टाकी भरून घ्या. पुढे पंप कमी आहेत. त्यापुढे ब्लोअरिंगचं धरण रस्त्याला कितीतरी वेळ सोबत करतं. आम्ही पाण्याकाठीच मुक्काम केला. सकाळी पाण्यावर धुकं होतं, इतकं सपाट, की कुणी पांढरी सतरंजी अंथरली आहे असं वाटावं. अण्णा चहाचा कप घेऊन काठावर उभे राहिले आणि चहा पूर्ण गार झाला तरी प्यायले नाहीत.

मग तो चढ आला.

मागच्या वर्षी वळले होते ती जागा मला पाठ होती. गाडी ऑटोमॅटिक असली तरी गिअर मी स्वतःच्या हातात ठेवला होता; डिस्प्लेवर चारचा आकडा. रस्ता वर उचलला गेला तसा मी ॲक्सिलरेटर दाबला आणि तो कुकरचा आवाज सुरू झाला, आधी बारीक, मग भरीव. गाडी नुसती चढली. मी वाट बघत होते की आता वेग पडेल, आता गाडी तिसरा मागेल. काटा साठावरून हलला नाही. ती जागा डाव्या हाताला आली आणि गेली. सव्वादोन टन मागे आहेत हे मला आरशात बघून स्वतःला सांगावं लागत होतं.

"कुठला हाय?" अण्णांनी विचारलं.

"चौथा."

"चौथा?" ते पुढे वाकले, डिस्प्लेवरचा आकडा चष्मा सरकवून बघितला. "मने, आमची गाडी असल्या चढाला दुसऱ्यात रडायची गं."

त्यांचा हात त्यांच्या डाव्या मांडीशेजारी, जिथे गिअरचा दांडा असायचा तिथे, मुठीसारखा वळला होता. मी रस्त्याकडे बघत राहिले. रडू आलं असतं तर दिसलं नसतं.

वर गेल्यावर जग बदलतं. दोन्ही बाजूंना मैलोन्मैल वणव्यात जळून गेलेली झाडं, साल गळालेली, हाडासारखी पांढरी, आणि त्या प्रत्येकाच्या बुंध्याशी नवी हिरवी पालवी. मग झाडंच संपतात. कियान्ड्राचं पठार म्हणजे गवत, आभाळ आणि वारा. इथे एकेकाळी सोन्यासाठी हजारो माणसं येऊन राहिली होती. आज दोन-चार खुणा उरल्या आहेत. आम्ही गाडी थांबवून उतरलो. वारा कानात शिरून बाकी सगळं बंद करत होता. दूर सात-आठ जंगली घोडे चरत होते. एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून परत खाली घातली.

इराने फोन काढला, थोडा वेळ धरला आणि फोटो न काढता खिशात ठेवला.

अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, थापा मारू नका." आई गेल्यानंतर तिचं नाव त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच काढलं होतं. घाट चढवल्याचा आनंद मला झालाच होता, पण तो या पठारावर फारच लहान वाटायला लागला. थंडी असह्य झाली तेव्हा गाडीत बसलो. मार्च महिना असला तरी कानटोप्या न्या.

चौथा दिवस: ब्राउन माउंटन

कूमाहून समुद्राकडे जाताना निमिटाबेल लागतं. तिथल्या बेकरीत अण्णांना भाजीची पेस्टी खाऊ घातली. "करंजीचा थोरला भाऊ," असा निकाल लागला. त्यानंतर थोड्या वेळाने पठार एकदम संपतं आणि रस्ता ब्राउन माउंटनवरून खाली झेपावतो. खाली दरीत बेगाची हिरवी कुरणं, त्यापलीकडे धुरकट निळी रेघ, म्हणजे समुद्र. मोठ्या गाड्यांनी खालचा गिअर टाकावा, अशी पाटी आहे. मी ती वाचली.

भावाला शिकवताना अण्णा एक नियम सांगायचे, तो मी जेवणाच्या पाटावर बसून ऐकलेला: घाट ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. तरी मी विचारलं. बहुतेक त्यांनी मला सांगावं म्हणूनच विचारलं.

"अण्णा, कुठल्यात उतरू?"

"असला घाट कुठल्यात चढलीस?"

"चौथ्यात."

"मग चौथ्यातच."

पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्यापासून मला ब्रेकवरचा पाय उचलता येईना. चौथ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरतच नव्हतं. कॅरॅव्हॅन मागून ढकलत होती. सुपरचार्जर गप्प. पाचव्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. बाजूला कडा, रेलिंग आणि झाडांचे शेंडे.

वास आधी अण्णांना आला. "लायनर जळतायत." ब्रेकच्या लायनरचा तो वास लहानपणी त्यांच्या खाकी शर्टाला यायचा.

"आई?" मागून इरा.

"मने, ऐक." आवाज अजिबात चढला नव्हता. "ब्रेक चेपून धरू नको. एकदाच जोरात दाब. दाब. आता तिसरा टाक. सोड ब्रेक. सोड म्हणतो ना! परत दाब. दुसरा."

दुसरा पडला आणि इंजिन ओरडलं, मागच्या वर्षीसारखंच. पण या वेळी ते ओरडणं गाडीला मागे धरत होतं. डॅशवरचं कॅरॅव्हॅनच्या ब्रेकचं बटण मी अंगठ्याने दाबलं. मागून ओढ बसली. काटा तिसावर आला. पुढे खडीची रुंद पट्टी दिसली, तिथे घेतली. चाकांतून धूर येत होता. आम्ही तिघं रस्त्यापासून लांब, दगडांवर बसलो. पाऊण तास. खाली दरीत ढगांच्या सावल्या कुरणांवरून सरकत होत्या, आमच्याशी काही संबंध नसल्यासारख्या, आणि ते इतकं सुंदर होतं की मला त्याचा रागच आला.

उरलेला घाट दुसऱ्यात, बैलगाडीच्या वेगाने उतरलो. मागे नऊ गाड्यांची रांग होती. मी मोजली. थांबले नाही, लाजलेही नाही. बेगाला एका गॅरेजमध्ये ब्रेक तपासून घेतले, ब्रेकचं तेल बदललं आणि मगच समुद्राकडे गेलो.

घरी

परतीचा रस्ता ईडन, ऑर्बोस्ट, लेक्स एंट्रन्स असा किनाऱ्याकडून, दोन दिवसांचा, मोठा घाट नसलेला. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं बरंच आहे, पण आज नाही.

टार्निटला आल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णा मागच्या अंगणात खुर्ची टाकून फोनवर बोलत होते. स्पीकर चालू होता. पलीकडे त्यांचे जुने कंडक्टर, जगतापकाका. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते.

"पोरगी चौथ्यात घाट चढली. मागं सव्वादोन टन."

"काय सांगतोस! आणि उतरताना?"

"उतरताना फसलो. चूक माझी. मीच तिला चौथा सांगितला. आपला नियम जुन्या गाड्यांचा, ह्या मशिनला लागू न्हाय. मला समजायला पायजे होतं."

"एकतीस वर्षांत एक अपघात न्हाय तुझा, आणि लेकीला असं सांगतोस व्हय!" जगतापकाका हसले. अण्णा हसले नाहीत.

चिमटे हातात तसेच राहिले. त्या एकतीस वर्षांना माझ्यामुळे डाग लागत होता. गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. तीन आठवड्यांनी ते वाईला गेले असते आणि हीच गोष्ट तिथेही सांगितली असती. फोन ठेवल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, त्या मेकॅनिकने सांगितलं होतं. उतरताना याचा उपयोग नाही, चढताना लागेल त्याहून खालचा गिअर टाक म्हणून. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुम्हाला ते कळलं असतं तर तुम्ही चौथा म्हणाला नसता."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. नंतर उजवा पंजा तिरका करून वर नेला आणि हळूहळू खाली आणला, अगदी ग्लेनसारखा.

"हे मी बघितलं होतं की," ते म्हणाले. "हे काय इंग्रजीत होतं व्हय?"

"मग विचारलं का नाही?"

"तू लई खुशीत होतीस."

मी खुर्चीशेजारी पायरीवर बसले. मग ते म्हणाले, "जगतापला उद्या परत फोन लावतो. खरं काय ते सांगू. पण आधी चढल्याचं सांगू."