मसुराएवढा खड्डा

ह्यांचा जुना पाइप तुटला, म्हणून आम्ही तंबाखूच्या दुकानात नवा घ्यायला गेलो. दुकानदाराने परवडतील असे ब्रायर लाकडाचे चार पाइप पुढे ठेवले. तीन चकचकीत होते, चौथ्याच्या अंगावर मसुराएवढा खड्डा होता. ह्यांनी नेमका तोच उचलून रिकामाच दातांत धरला.

"अहो, खोट असलेला कशाला?"

"स्वस्तातल्या लाकडाला खड्डे असायचेच. बाकीच्यांचे खड्डे लांबीने बुजवून वर पॉलिश मारलंय. हा निदान लपवत तरी नाही!" चेहरा नुसता फुलला होता.

तो चेहरा माझ्या ओळखीचा. हे मला बघायला आले, तेव्हा शेजारणीची भजी आईने माझ्या नावावर खपवली होती. मी न राहवून म्हटलं होतं, "मला साधा चहाही जमत नाही." तेव्हाही हे असेच फुलले होते.

"ताई, दुसरा दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"नको हो," मी घाईने म्हटलं, "हाच द्या."